रेबीज नाही असे कळवले, मग तो मेंदू गेला कुठे? प्रायॉन संशोधनातला कोकणचा दुवा

प्रश्न असा आहे: जनावरांतले आणि माणसांतले प्रायॉन आजार, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारे मेंदूचे जीवघेणे विकार, यांवर देशपातळीवर एकत्रित संशोधन उभे करायचे तर रत्नागिरी-सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांनी नेमके काय करायचे? इथे मोठा कत्तलखाना नाही, प्रायॉनची प्रयोगशाळा नाही. शिवाय भारतात 'मॅड काउ', म्हणजे गाईंचा प्रायॉन आजार, नाहीच, तर हा खटाटोप कशाला?

आधी शेवटच्या वाक्याचे बघू. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० साली भारताला या आजारासाठी 'नगण्य जोखीम' असा दर्जा दिला. तो एकदा मिळाला की कायमचा राहतो असे नाही. दरवर्षी माहिती देऊन तो पुन्हा मान्य करून घ्यावा लागतो, आणि 'आम्ही शोधले, सापडले नाही' हे दाखवता आले तरच त्याला किंमत. दुसरे म्हणजे, मेंढ्यांतला प्रायॉन आजार, स्क्रेपी, आपल्याकडे कधीच नव्हता असे म्हणता येत नाही. कुमाऊँच्या डोंगराळ भागातल्या मेंढ्यांत तो आढळल्याची नोंद १९६१ सालची आहे. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गाईंमध्ये या आजाराचा एक 'असामान्य' प्रकार असतो. तो दूषित खाद्याशिवाय, आपोआप उद्भवत असावा असे मानले जाते आणि बहुतेक वेळा आठ वर्षांपुढच्या गुरांत दिसतो. महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीला आधीपासून आणि बैल-वळूंच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे. कोकणात तर कोकण कपिला गाय बारा-पंधरा वर्षांची होऊन गोठ्यातच मरते. म्हणजे ज्या वयात हा प्रकार शोधायचा, त्या वयाची गुरे आपल्याकडे भरपूर, आणि कत्तलखान्यात त्यांचा नमुना मिळण्याची शक्यता नाही. ती मरतात माळावर, आणि पुरली जातात.

प्रायॉन हा नेहमीच्या अर्थाने जंतू नाही. मेंदूच्या पेशींवरचे एक साधे प्रथिन चुकीची घडी घेते आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तीच घडी घालायला लावते. त्यात डीएनए किंवा आरएनए नसल्यामुळे पीसीआर त्याला पकडत नाही. शरीर त्याला परके मानत नाही, म्हणून रक्तात प्रतिपिंडेही सापडत नाहीत. जिवंत गाईवर करता येईल अशी मान्यताप्राप्त चाचणी आजही नाही. निदान होते ते मेलेल्या जनावराच्या मेंदूवर. त्यामुळे देशपातळीच्या संशोधनाचा कच्चा माल म्हणजे योग्य जनावराचा, योग्य जागेचा, योग्य तऱ्हेने ठेवलेला मेंदूचा तुकडा. तो तुकडा गावात मिळतो, दिल्लीत नाही.

योग्य जनावर कोणते, हे जुन्या आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीत फार स्पष्ट होते. चार ते सात वर्षांच्या, मज्जासंस्थेची लक्षणे दाखवणाऱ्या एका गाईच्या तपासणीला ७५० गुण. त्याच वयाच्या आपोआप मेलेल्या गाईला ०.९, आणि कत्तलखान्यातल्या धडधाकट गाईला ०.२. मोठे पशुधन असलेल्या देशाला सात वर्षांत दीड लाख गुण जमवायचे असत. हिशेब करा: लक्षणे असलेली २०० जनावरे पुरतात, किंवा साडेसात लाख निरोगी जनावरांचे मेंदू तपासावे लागतात. २०२३ साली ही गुणपद्धत बदलली आणि भर सरळ लक्षणांच्या संशयित जनावरांवरच दिला गेला. हे कोकणाच्या पथ्यावर पडणारे आहे. आपल्याकडे संख्या नाही, पण एकेका गाईला नावाने ओळखणारे मालक आहेत. वागणुकीतला बदल पहिल्यांदा त्यांनाच कळतो.

आता मुख्य मुद्दा. लक्षणे दाखवणारी गाय दगावली की आपण पहिला संशय रेबीजचा घेतो, आणि तो बरोबरच आहे. डोके कापून नमुना पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातो. 'रेबीज नाही' असे उत्तर आले की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि फाइल बंद होते. प्रायॉनचे काम खरे तिथून सुरू व्हायला हवे. रेबीज नसलेला, प्रौढ, मज्जासंस्थेच्या लक्षणांनी मेलेल्या जनावराचा मेंदू हा प्रायॉन संशोधनातला सर्वांत मोलाचा नमुना आहे, आणि नेमका तोच आपण टाकून देतो. जिल्ह्याने एकच गोष्ट बदलायची ठरवली तर ही बदलावी.

गोठ्यात फरक ओळखायचा तो मुख्यतः काळावरून. रेबीजची गाय लक्षणे दिसल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत मरते. गाईंचा प्रायॉन आजार आठवडे ते महिने चालतो: ओळखीच्या माणसाला बिचकणे, दावणीजवळ यायला नकार, भांडे वाजले की दचकणे, स्पर्श केला की लाथ, मागचे पाय लटपटणे, खाणे ठीक असूनही अंग उतरणे आणि दूध कमी होणे. आजार अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत सरासरी चार-पाच वर्षे जातात, म्हणून दोन वर्षांखालच्या वासरात त्याचा विचार जवळजवळ करू नये. आधी बाकीची कारणे वगळा: विण्याच्या सुमारास किटोसिस किंवा कॅल्शियम-मॅग्नेशियमची कमतरता, सर्रा, लिस्टेरिया, शिशाची विषबाधा. आंबा मोहोरावर असताना फवारणीच्या कीटकनाशकाची विषबाधा हेही नेहमीचे कारण. तिथे लाळ, बारीक झालेली बाहुली आणि काही तासांतला वेग पाहून सुगावा लागतो. सलाइन, कॅल्शियम, अॅट्रोपिन यांना दाद न देता लक्षणे पंधरा दिवसांपलीकडे रेंगाळली तर ते जनावर नोंदवहीत 'संशयित' म्हणून लिहायचे, आणि मरण्याची वाट न पाहता औंधला फोन करायचा. २००९ च्या पशुरोग कायद्याच्या अनुसूचीत हा आजार आणि स्क्रेपी दोन्ही आहेत. कळवणे ही मालकाचीही जबाबदारी आहे.

नमुना काढताना रेबीज गृहीत धरूनच चाला. रेबीजचे पूर्वलसीकरण झालेल्या माणसानेच हात लावायचा. दुहेरी हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, रबरी बूट. कुऱ्हाडीने कवटी फोडू नका. त्यात शिंतोडे उडतात आणि मेंदूचा नेमका हवा तो भाग चिरडला जातो. डोके पहिल्या मणक्याच्या सांध्यातून अलग करा, मागचे मोठे छिद्र वर येईल असे धरा. लांब दांड्याचा अरुंद चमचा मेंदूचे आवरण आणि मेंदूचा देठ यांच्यामधून आत सरकवा, गोल फिरवत नसा कापा आणि देठ अखंड बाहेर ओढा. त्यावर व्ही आकाराची खाच दिसते, तिला ऑबेक्स म्हणतात. प्रायॉन पहिल्यांदा जमतो तो इथल्या केंद्रकांत, म्हणजे मज्जापेशींच्या पुंजांत. तो भाग नसला तर उरलेला अख्खा मेंदू पाठवूनही 'आढळले नाही' या उत्तराला अर्थ राहत नाही.

देठ मध्यरेषेवरून उभा चिरा, म्हणजे दोन्ही अर्ध्यांत सारखी केंद्रके येतात. एक अर्धा ताजा, बर्फावर. दुसरा दहा टक्के फॉर्मलीनमध्ये, म्हणजे बाजारातल्या तीव्र फॉर्मलीनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ, तुकड्याच्या दहापट आकारमानात. ही वाटणी चुकली की नमुना वाया. सगळाच फॉर्मलीनमध्ये बुडवला तर प्रायॉनची एलायझा चाचणी आणि रेबीजची नेहमीची चाचणी, दोन्ही जातात. सगळा गोठवला तर सूक्ष्मदर्शकाखाली भोके दिसतात ती आजाराची की बर्फाची, कळत नाही. ताज्या भागासोबत अनुमस्तिष्काचाही, म्हणजे लहान मेंदूचा, तुकडा हवा. रेबीजसाठी तो लागतोच. शेळ्या-मेंढ्यांत तर त्याचे जास्त महत्त्व, कारण १९९८ साली नॉर्वेत ओळखल्या गेलेल्या असामान्य स्क्रेपीत ऑबेक्समध्ये फारसे काही सापडत नाही, अनुमस्तिष्कात सापडते. कोकण कन्याळ शेळीच्या बाबतीत हे विसरू नका. दिवाळीनंतर घाट उतरून शेतात बसायला येणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांतही. खाजेने अंग खांबाला घासून लोकर उतरलेली, लटपटणारी प्रौढ मेंढी दिसली तर कळप पुढे जाण्याआधी मूळ गावाची नोंद घ्या. दोन महिन्यांनी तो कळप दुसऱ्या तालुक्यात असतो.

कोकणच्या हवेत मेंदू काही तासांत सुटतो. तरी टाकू नका. प्रायॉन सहज सडत नाही, त्यामुळे लगदा झालेल्या देठावरही एलायझा किंवा वेस्टर्न ब्लॉट ही प्रथिन शोधणारी चाचणी होऊ शकते. जाते ती फक्त ऊतीची तपासणी. बर्फाची चिंता किनाऱ्यावर तरी नसावी. मासळीच्या धंद्यातला बर्फ आणि थर्मोकोलची पेटी हे दोन्ही बंदराजवळ हाताशी असते, मात्र नमुना त्रिस्तरीय वेष्टनात, गळणार नाही असा बंद हवा आणि ती पेटी पुन्हा मासळीला वापरायची नाही. पावसाळ्यात घाट बंद पडतो हे धरून एक दिवस जादा पुरेल इतका बर्फ भरा. औंधला रेबीजची चाचणी झाली की उरलेला ताजा भाग भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जावा, असे पाठवणीच्या पत्रातच लिहा: 'रेबीज नकारात्मक आल्यास नमुना नष्ट करू नये, प्रायॉन तपासणीसाठी पुढे पाठवावा.' हे वाक्य नसेल तर प्रयोगशाळा आपल्या नियमाप्रमाणे नमुना जाळते, आणि त्यात तिची चूक नाही.

ओळखपट्टीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण देशपातळीचे संशोधन इथेच कोसळल्याचे उदाहरण आहे. गाईंचा आजार मेंढ्यांत गेला आहे का, हे शोधायला ब्रिटनमध्ये स्क्रेपीच्या मेंढ्यांचा म्हणून साठवलेला मेंदूंचा लगदा काही वर्षे तपासला जात होता. निष्कर्ष सगळ्या मेंढ्यांच्या कळपांवर परिणाम करणारा ठरणार होता. २००१ साली डीएनए तपासल्यावर कळले की तो लगदा गाईंच्या मेंदूंचा होता. वर्षांचे काम फुकट गेले. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत कानाचा छोटा तुकडा वेगळ्या नळीत ठेवा आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक प्रत्येक डबीवर लिहा. 'गाय, लाल, मु. पो. अमुक' एवढ्यावर वीस वर्षांनी कोणीही काही सिद्ध करू शकणार नाही.

निर्जंतुकीकरणात सवयीची औषधे उपयोगी पडत नाहीत. स्पिरिट आणि फॉर्मलीन प्रायॉनला मारत नाहीत, उलट त्याला भांड्यावर पक्के चिकटवतात. चुनाही कामाचा नाही. दोन गोष्टी चालतात. एक, कॉस्टिक सोडा, लिटरला ४० ग्रॅम, एक तास. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही, आणि अॅल्युमिनियमचे भांडे वापरायचे नाही. दुसरे, सोडियम हायपोक्लोराइट, उपलब्ध क्लोरीन २०,००० पीपीएम, तेही एक तास. पाच टक्क्यांचे द्रावण असेल तर त्याचे दोन भाग आणि पाण्याचे तीन. हे त्याच दिवशी बनवा. ग्रामपंचायतीत पडून असलेल्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीवर विसंबू नका. आपल्या दमट हवेत उघड्या पोत्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला असतो. ऑटोक्लेव्ह असेल तर १३४ अंशांवर १८ मिनिटे. सूक्ष्मदर्शनासाठी ऊती तयार करणाऱ्यांनी तुकडा आधी तीव्र फॉर्मिक आम्लात एक तास ठेवायचा, आणि ते आम्ल हायपोक्लोराइटच्या जवळही न्यायचे नाही, क्लोरीन वायू सुटतो. हत्यारे शक्यतो एका जनावराला एक आणि नंतर जाळायला.

खाद्याबाबत देशाचे नियम स्पष्ट आहेत: दुभत्या जनावरांच्या खाद्यात मांस-हाडांची भुकटी चालत नाही. ब्रिटनने अशी बंदी १९८८ सालीच घातली होती, तरी बंदीनंतर जन्मलेल्या ४०,००० हून अधिक गाई आजारी पडल्या, कारण कोंबड्या-डुकरांचे खाद्य आणि गाईंचे खाद्य त्याच गिरण्यांतून, त्याच यंत्रांतून जात होते. प्रयोगात आजारी मेंदूचा एक मिलिग्रॅम तोंडावाटे देऊनही वासराला लागण झाली आहे. आपल्याकडे हीच सरमिसळ गिरणीत होवो न होवो, पडवीत होते. ब्रॉयलरचे उरलेले खाद्य गाईला घालणे, आणि कलमांच्या खड्ड्यात घालायचे हाडखत गोळीपेंडेच्या शेजारी ठेवणे, तेच घमेले दोन्हींना वापरणे. जांभ्या जमिनीत स्फुरद अडकून राहतो. चाऱ्यात तो कमी पडला की गुरे हाडे चघळतात, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. त्यावर उपाय खनिज मिश्रणाचा, मोठ्या जनावराला रोज ३० ते ५० ग्रॅम. त्यातले डायकॅल्शियम फॉस्फेट दगडापासूनचे आहे की हाडांचे, हे विक्रेत्याला विचारून घ्या. संशोधनासाठी जिल्ह्याने वर्षातून दोनदा दुकानांतून खाद्याचे नमुने घेऊन सूक्ष्मदर्शक आणि पीसीआर तपासणीला पाठवले तरी जोखमीचा अंदाज मांडणाऱ्यांना खरे आकडे मिळतील.

बोकडाचा भेजा खावा का, हा प्रश्न हमखास येतो. स्क्रेपी माणसाला होते असा पुरावा नाही.

आता माणसांकडे. क्रॉइट्झफेल्ट-जेकब आजार, म्हणजे सीजेडी, जगभर दर दहा लाखांत वर्षाला एक ते दोन जणांना होतो. त्यातले सुमारे ८५ टक्के आपोआप उद्भवलेले, त्यांचा गाईशी संबंध नसतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाखांवर आणि सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दोन जिल्ह्यांत मिळून दरवर्षी दोन ते पाच रुग्ण अपेक्षित, आणि तरुण मुंबईला व म्हातारी माणसे गावात अशी आपली रचना असल्यामुळे वरचा आकडाच धरावा. ते दिसत नसतील तर ते 'म्हातारपणाचा विसर', 'झटका' किंवा 'बाहेरचे' म्हणून घरीच जात आहेत. दाखवायला नेलेच तर सिंधुदुर्गातले गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात, रत्नागिरीतले कोल्हापूरला, रायगडातले मुंबईला. रुग्ण एका राज्यात, निदान दुसऱ्या राज्यात, मृत्यूची नोंद तिसऱ्याच कारणाने गावात. समन्वयाची सर्वांत मोठी गळती ही आहे. ती थांबवायची तर निदान करणाऱ्या रुग्णालयाने मूळ गावाच्या जिल्ह्याला आणि बंगळुरूच्या निम्हान्समधल्या सीजेडीच्या नोंदणीला, दोघांनाही कळवणे ठरवून घ्यावे लागेल.

तालुक्याच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवायचे ते एवढे: वर्षांत नव्हे, आठवड्यांत वाढणारा स्मृतिभ्रंश, आणि त्याबरोबर अंगाला बसणारे झटके, तोल जाणे, दृष्टीचा घोटाळा, ताठरपणा किंवा अबोल निश्चलता यांपैकी दोन. सीटी स्कॅन बहुधा 'नॉर्मल' येतो आणि तिथेच फसगत होते. एमआरआय डिफ्युजन आणि फ्लेअर क्रमांसह मागवा. आधी बरे होणारे आजार वगळा: स्वप्रतिकारक मेंदूदाह, बी-१२ ची कमतरता, क्षय, सिफिलिस, थायरॉइडशी निगडित मेंदूविकार. पाठीतल्या पाण्याची आरटी-क्विक चाचणी आज जिवंतपणी सर्वांत भरवशाची. तिच्यात रुग्णाच्या नमुन्यातला प्रायॉन नळीतल्या शुद्ध प्रथिनाला घडी घालायला लावतो आणि प्रकाश वाढतो. पण पाण्यात रक्त मिसळले तर प्रक्रिया दबते आणि खोटे 'नाही' येते. म्हणून पहिले दोन मिली इतर तपासण्यांना द्या, नंतरचे स्वच्छ पाणी पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत घ्या आणि लगेच गोठवा. एक वेगळी सूचना नेत्रशिबिरांसाठी: या आजाराचा एक प्रकार नुसत्या दृष्टिदोषाने सुरू होतो आणि अशा रुग्णांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन गेल्याची उदाहरणे आहेत. डोळे तपासून दोष सापडत नाही, पण दिसणे आठवड्यागणिक बिघडते आहे, तर सुरी लावण्याआधी एमआरआय.

तरुण रुग्ण, सुरुवात मानसिक लक्षणांनी, आणि आजार वर्षभर रेंगाळलेला, असा नमुना दिसला तर ताबडतोब वर कळवा. गाईपासून आलेला प्रकार, जो ब्रिटनने मार्च १९९६ मध्ये जाहीर केला आणि ज्याने तिथे १७८ जणांचा बळी घेतला, तो असा दिसे. तो ओळखता आला कारण एडिंबरोमधले सीजेडी निगराणी पथक १९९० पासूनच प्रत्येक रुग्ण एकाच व्याख्येने मोजत होते. आधीची सहा वर्षांची रटाळ वाटणारी मोजदाद नसती तर ते मोजके तरुण रुग्ण वेगळे म्हणून उठून दिसलेच नसते.

आपल्याला देशपातळीवर हवे ते हेच: माणूस आणि जनावर दोन्हींसाठी ठरलेली व्याख्या, भोपाळ आणि बंगळुरूच्या नोंदींत गाव-तालुका एकाच संकेतांकाने, प्रयोगशाळांना वर्षातून एकदा न सांगता पाठवलेले कसोटी नमुने, आणि मेंदूचा दुसरा अर्धा जपून ठेवण्याची सोय. नागपूरची राष्ट्रीय एकात्म आरोग्य संस्था हे जुळवायला योग्य जागा आहे. निधी मात्र तीन वर्षांच्या प्रकल्पाचा देऊन चालणार नाही. सरासरी पाच वर्षे लपून राहणाऱ्या आजाराला तीन वर्षांत काही सापडले नाही म्हणजे काहीच कळले नाही. सिंधुदुर्गाला समन्वय नवा नाही. २०१६ च्या माकडतापात वनखाते, आरोग्यखाते, पशुसंवर्धन आणि पुण्याची विषाणू संस्था एकत्र आलीच होती. फरक इतकाच की माकड मेले की आठवड्यात धावपळ होते, इथे कोणी धावायला लावत नाही. म्हणून जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांची तिमाही बैठक तारखेसह ठरवा, आणि तिचे विषय दोनच: किती रेबीज-नकारात्मक मेंदू पुढे गेले, आणि किती झपाट्याच्या स्मृतिभ्रंशांची नोंद झाली.

साठवणुकीचे शेवटी. गोठवलेला भाग किनाऱ्यावर ठेवू नका. जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी फ्रीजरमधला दहा वर्षांचा साठा एका आठवड्यात जातो. बर्फातला अर्धा पुण्याला, फॉर्मलीनमधला अर्धा जिल्ह्याच्या कपाटात. डबीत आत टाकायची चिठ्ठी जाड कागदाची, पेन्सिलने लिहिलेली असावी. शाई फॉर्मलीनमध्ये उतरते.